व्हॅनिलाची सोयरीक

मार्चमध्ये मुलीची शाळा बुडवून गोव्याला कशाला, असं मंडळाच्या पॉटलकला चार जणांनी विचारलं. व्हॅनिलाची फुलं साधारण त्याच दिवसांत येतात म्हणून, असं मी सांगितलं. त्यावर चौघांचाही पुढचा प्रश्न एकच होता : गोव्यात व्हॅनिला?

माझं आजोळ डिचोली तालुक्यातलं, मयेच्या तळ्यापासून फार लांब नाही. मामाचं कुळागर आहे, म्हणजे वर माड-पोफळी, त्यांच्या सावलीत केळी, जायफळ, मिरीचे वेल आणि सगळ्यांच्या पायाशी पाटाचं पाणी. मोठी मावशी पेडण्याला दिली. त्यामुळे मोपाचा विमानतळ झाल्यापासून आमची सोय झाली आहे. आधी मावशीकडे जेवायचं, मग कोलवाळचा पूल ओलांडून म्हापसा, अस्नोडा करत डिचोलीला जायचं.

मामाने व्हॅनिला लावला 2004 मध्ये. मादागास्करला 2000 साली मोठं वादळ झालं, तिथलं पीक गेलं आणि पुढच्या तीन-चार वर्षांत तयार शेंगांचा भाव जागतिक बाजारात किलोला 500 डॉलरच्या घरात पोचला. कर्नाटक-केरळात लोकांनी धडाधड वेल लावले, मामानेही दोनशे लावले. वेलाला पहिली फुलं यायला तीन वर्षं लागतात. भाव मात्र 2005 मध्येच 50 डॉलरच्या आसपास कोसळला होता. मामीच्या दोन बांगड्या त्या वेलांत गेल्या, हे मला मोठा झाल्यावर कळलं. बरेचसे वेल मामाने काढून टाकले, जायफळाच्या बाजूचे चाळीसेक राहिले. यंदा तेही काढणार असं तो फोनवर म्हणाला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, बोटं थरथरतात, आणि या पिकाला बोटंच लागतात.

ती का लागतात, ते कुळागरात उभं राहिल्यावर समजतं. व्हॅनिला मूळचा मेक्सिकोचा. त्याच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. इकडच्या मधमाशांना तो उचलता येत नाही. फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. 1841 मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबायची सोपी रीत शोधली. आजही जगभर जवळपास सगळा व्हॅनिला त्याच रीतीने, एकेक फूल करून, हातानेच फळवतात.

मामाने नारळाच्या झावळीची काडी तासून माझ्या लेकीच्या हातात दिली. ती दहा वर्षांची आहे. पहिली तीन फुलं तिने फाडली. मी दोन फाडली आणि मला मिरीच्या वेलांकडे पाठवण्यात आलं. चौथ्या फुलापासून तिला जमायला लागलं. बारा दिवसांत तिने 63 फुलं केली आणि 41 धरली. धरलेलं फूल वेलालाच चिकटून सुकतं, न धरलेलं एक-दोन दिवसांत गळतं, त्यामुळे रोज सकाळी निकाल लागायचा. तिच्या शाळेत इतक्या लवकर निकाल लागत नाही.

शेंग तयार व्हायला नऊ महिने लागतात आणि तेव्हाही तिला वास नसतो. गरम पाण्यात तीन मिनिटं बुडवायची, घोंगडीत गुंडाळून घाम आणायचा, रोज थोडं ऊन दाखवायचं, मग सावलीत काही महिने सुकवायची. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांची एक किलो काळी व्हॅनिला होते. मामीकडे गेल्या वर्षीच्या दहा शेंगा तेलकट कागदात बांधलेल्या होत्या. आम्ही त्या घेऊन पेडण्याला आलो, कारण माझं मावशीशी एक जुनं भांडण मिटायचं होतं.

दोन वर्षांपूर्वी चतुर्थीला आलो होतो. मामाने माटोळीला व्हॅनिलाच्या हिरव्या शेंगांचा घोस बांधला होता. ते बघून मला उत्साह आला आणि मी इथून नेलेल्या अर्काचे दोन चमचे पातोळ्यांच्या चुनात ओतले. चून म्हणजे गूळ-खोबऱ्याचं सारण. मावशीने बाटली हातात घेतली, त्यावर 35 टक्के अल्कोहोल लिहिलेलं वाचलं आणि नैवेद्याच्या पातोळ्या वेगळ्या केल्या. बाकीच्या वाफवल्यावर झाकण उघडलं, तर हळदीच्या पानाचा तो ओला, हिरवा वास आणि माझा व्हॅनिला एकमेकांत मिसळून औषधाच्या दुकानासारखं काहीतरी झालं होतं. मामाने दोन खाल्ल्या आणि पाणी मागितलं. "सोयरीक बघून करायची असते रे," मावशी म्हणाली.

मग बोस्टनला परतल्यावर मी माझ्या स्वभावाप्रमाणे डेटा शोधला. ज्या पदार्थांत सुगंधाची द्रव्यं समान असतात ते एकत्र वापरायचे, असा कल पाश्चात्त्य पाककृतींत दिसतो, असं 2011 च्या एका शोधनिबंधात आहे. 2015 मध्ये आयआयटी जोधपूरच्या गणेश बागलर आणि सहकाऱ्यांनी तरला दलाल यांच्या संकेतस्थळावरच्या सुमारे अडीच हजार पाककृती तपासल्या, तर आपल्याकडे नेमकं उलटं निघालं. आपल्या पदार्थातले घटक एकमेकांशी कमीत कमी सुगंध वाटून घेतात, आणि याचं मोठं श्रेय मसाल्यांना जातं. म्हणजे केकवाले सारख्यांची जोडी लावतात आणि आपण वेगळ्यांचा संसार मांडतो. मी हे मावशीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि नारळ फोडायला लावला.

या वेळी तिने मणगणें केलं. पाव किलो हरभऱ्याची डाळ, मूठभर साबुदाणा, दोन नारळांचा रस, काजू आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला माडाचा काळा गूळ. नेहमी यात वेलची पडते. वेलची आणि व्हॅनिला दोघांनाही पंगतीत पहिलं पान लागतं, म्हणून वेलचीला सुट्टी दिली. अर्धी शेंग उभी चिरून तिचे दाणे नारळाच्या दाट रसात घातले, कारण व्हॅनिलाचा वास चरबीत आणि अल्कोहोलमध्ये चांगला उतरतो, नुसत्या पाण्यात फारसा नाही. हा रस पातेलं खाली उतरवल्यावर शेवटी घातला. उकळत ठेवला असता तर वास उडून गेला असता. माडाच्या गुळाला मुळातच थोडी धुराची, लाकडाची चव असते, तिच्यात व्हॅनिला असा बसला की काकांना काय बदललंय ते ओळखताच आलं नाही. त्यांनी तीन वाट्या घेतल्या. शेवटी आगरवाड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ चिमूटभर घातलं, तेव्हा तो आणखी उठला. मीठ आणि व्हॅनिला ही माझ्या मते सगळ्यात कमी लेखली गेलेली जोडी आहे.

जायफळाशी जमतं, पण जायफळ नखाएवढंच. भाजलेल्या काजूशी डोळे मिटून जमतं. मानकुरादच्या वाटेला जाऊ नये, त्याला कुणाची गरज नाही. काकांनी एक शेंग काजूच्या फेणीत बुडवून ठेवली होती. आठवड्याने बाटली उघडली तर फेणीने व्हॅनिलाला गिळून टाकलं होतं, त्यामुळे अर्क करायचा तर बिनवासाची दारू घ्यावी. आणि हरमलची मिरची. कोकोच्या पेयात व्हॅनिला आणि मिरची घालायची रीत मेक्सिकोत जुनी आहे. मिरची पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आली आणि आपली झाली. मावशीच्या बरणीतल्या अर्ध्या हरमल मिरचीची पूड आम्ही कोकोत घातली, वर व्हॅनिला घातला. लेकीने दोन घोट घेतले, डोळ्यांतून पाणी काढलं आणि तिसरा घेतला.

पेडण्याच्या किनाऱ्यावर, मांद्रेच्या बाजूला, आता कॅफेंची रांग आहे. एका ठिकाणी फळ्यावर खडूने लिहिलं होतं, ‘मादागास्कर व्हॅनिला चीजकेक’. मामाचे वेल तिथून गाडीने तास-सव्वातासावर. मी आतल्या बाईंशी बोललो. त्या छान बोलल्या, शेंगेचा वास घेतला, आवडल्याचंही म्हणाल्या आणि विचारलं, महिन्याला किती किलो देणार? 41 शेंगा म्हणजे सुकल्यावर सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाहीत. मी तिथे बसून फोनवर हिशेब केला, चाळीस वेल, दोनशे वेल, मजुरी, सगळं घालून पाहिलं. आकडा मामाला सांगण्यासारखा आला नाही. तरी सांगितला. तो म्हणाला, "हा हिशेब मी 2005 मध्येच केला होता."

निघायच्या आदल्या दिवशी त्याने माणूस बोलावून वेल काढायला सुरुवात केली, पण अर्ध्यावर थांबवलं. जिथे लेकीची फुलं धरली होती ती ओळ ठेवली, बाकीच्या जागेत अननस लावला. परवा मामीने फोटो पाठवला, शेंगा वीतभर झाल्या आहेत. लेकीने तो मोठा करून मोजल्या. 39 आहेत, दोन कुणीतरी खाल्ल्या असाव्यात. पुढच्या मार्चला परत शाळा बुडवायची का, यावर घरात अजून चर्चा चालू आहे.

डिसेंबरात शेंगा काढायच्या होतील. मावशीने आधीच सांगून ठेवलंय, सहा शेंगा तिच्या, आणि चतुर्थीच्या स्वयंपाकात एकही नाही.