जिवाच्या जागी काय लिहायचं

शुक्रवार, २ फेब्रुवारी २०२४, घाटंजी
आठवीच्या तासाला व्यक्तिचित्राचा सराव. एका मुलीला स्टुलावर बसवलं. अर्ध्या तासानं ती मान न हलवता म्हणाली, "मॅडम, हालू का आता? माह्या पायाले मुंग्या आल्या."

रात्री एलिझाबेथ सिडल डोक्यातून जाईना. चित्रकार मिलेच्या 'ऑफेलिया' या चित्रासाठी १८५१-५२ च्या हिवाळ्यात ती लंडनमध्ये पाण्यानं भरलेल्या टबात पडून राहिली. पाणी कोमट ठेवणारे दिवे विझले, तरी बोलली नाही. मग आजारी पडली. तो चेहरा सगळ्यांना पाठ. तिनं स्वतःही चित्रं काढली, १८५७ च्या प्री-राफेलाइट चित्रकारांच्या प्रदर्शनात मांडली. कविता मात्र ती असेपर्यंत छापल्या गेल्या नाहीत.

मंगळवार, ६ फेब्रुवारी
सिडलच्या मोजून पंधरा-सोळा कविता. बऱ्याच कवितांची शीर्षकंसुद्धा तिची नाहीत, दिरानं, विल्यम रोझेटीनं, नंतर दिलेली. एक कविता मला सोडत नाही. तिच्यात बोलतो तो पुरुष. त्याला प्रियेचं रूप हवं, तिच्या आत काय आहे याच्याशी घेणंदेणं नाही. वर्षानुवर्षं जिच्याकडे बघितलं गेलं, तिनं बघणाऱ्याचाच आवाज घेतला! त्याला अडवलं नाही, बोलू दिलं, आणि बोलता बोलता तो उघडा पडला. तिच्या ओळींत फक्त तिचं दुखणं नि नवऱ्याचं वागणं शोधणाऱ्यांना हे कसब दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी
आज स्टुलावर मी. त्याच मुलीच्या हाती चारकोल. दहाव्या मिनिटाला दरडावली, "मॅडम, तुम्ही हालून रायल्या." बसले गप्प.

रविवार, ११ फेब्रुवारी
१८६२ साली आजच्याच दिवशी सिडल गेली. अफूचा अर्क जास्त झाला. वय ३२, आदल्या वर्षी मुलगी मृत जन्मलेली. नवऱ्यानं, दान्ते रोझेटीनं, शोकात आपल्या कवितांची वही तिच्या शवपेटीत ठेवली, १८६९ मध्ये कबर उकरवून परत घेतली, पुढच्या वर्षी पुस्तक काढलं. तिच्या कवितांचं स्वतंत्र, हस्तलिखितांवरून केलेलं संपादन सेरेना ट्रोब्रिज यांच्याकडून आलं ते २०१८ मध्ये. वाचताना हात थरथरतात.

दुपारभर त्या पुरुषाच्या आवाजातल्या कवितेचा अनुवाद. 'सोल'ला 'आत्मा' लिहिलं, तर तो माणूस कीर्तनाला उभा राहिल्यासारखा वाटतो. खोडून 'जीव' केला. जीव दमतो, त्याला थंडी वाजते. 'जीव'च राहू दे. पुढे प्रियेचं हसणं येतं. 'स्मित' नको, फार परीटघडीचं. 'हसू' लिहून बघते.