लाल मातीतला थरार

रॅले-डरहॅमला ऑनसाइट गेलेल्या मित्राला विचारा, ‘वीकएण्डला काय?’ उत्तर ठरलेलं. मॉल, ग्रोसरी, लाँड्री आणि कुणाकडे तरी पॉटलक. पण त्याच्या अपार्टमेंटपासून गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर हिल्सबरो नावाचं टुमदार गाव आहे. तिथे ईनो नदीच्या काठी झाडीत एक रेसट्रॅक लपलाय, आणि तो पाहायला तिकीटही लागत नाही!

नाव ऑकोनीची स्पीडवे. साधारण मैलभराचा, मातीचा, लंबगोल ट्रॅक. माती अगदी आपल्या कोकणासारखी लाल. आधी इथे घोडे धावायचे. बिल फ्रान्स या उद्योगी गृहस्थाने ती जागा हेरली आणि 1948मध्ये तिथे गाड्या धावू लागल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच्याच पुढाकाराने ‘नॅसकार’ची रीतसर स्थापना झाली होती.

आज नॅसकार म्हणजे टीव्ही, स्पॉन्सर आणि करोडोंचा खेळ. पण मूळ गंमत वेगळीच आहे. दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात चोरटी दारू गाळायची आणि पोलिसांना गुंगारा देत रातोरात शहरात पोचवायची, हा तेव्हा अनेकांचा धंदा. गाडी बाहेरून साधी, आतून राक्षस. त्यातलेच काही ड्रायव्हर पुढे रेसमध्ये उतरले.

1949मध्ये ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ मालिका सुरू झाली. फंडा सोपा होता. शोरूममधून निघालेली गाडी जशीच्या तशी पळवायची. 19 जूनला शार्लटच्या पहिल्याच रेसमध्ये ग्लेन डनवे पहिला आला आणि बाद झाला! कारण त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगमध्ये फेरफार केलेला होता. ही दारू वाहणाऱ्यांची ट्रिक. डिकी कितीही भरली तरी गाडीचं बूड खाली बसायला नको. मग विजेता ठरला कॅन्ससहून आलेला जिम रोपर.

मालिकेतली तिसरी रेस इथे, हिल्सबरोत झाली. 7 ऑगस्टला बॉब फ्लॉकने ती जिंकली. मातीवर गाडी चालवणं म्हणजे सगळं उलटंच. डावीकडे वळायचं तर मागची चाकं घसरू द्यायची आणि स्टिअरिंग उजवीकडे धरायचं. शिवाय पुढच्याने उडवलेली धूळ थेट डोळ्यात.

मग हे सगळं थांबलं का? रविवारी चर्चमध्ये जायचं की रेसला, यावरून. गावातल्या धर्मगुरूंना रविवारच्या रेस खुपत होत्या. विरोध वाढत गेला. 15 सप्टेंबर 1968ला इथली शेवटची रेस झाली, ती रिचर्ड पेटीने जिंकली. पुढच्याच वर्षी फ्रान्सने अलाबामात टॅलाडेगाचा अवाढव्य डांबरी ट्रॅक सुरू केला. 30 सप्टेंबर 1970ला जवळच्याच रॅलेत मातीवरची रेस झाली, तीही पेटीनेच मारली. त्यानंतर नॅसकारची मुख्य मालिका मातीकडे फिरकली ती थेट 2021मध्ये, ब्रिस्टलला. तीही तीनच वर्षं, आणि काँक्रीटवर माती पसरून!

हिल्सबरोत मात्र कुणी बुलडोझर फिरवला नाही. ट्रॅकमध्ये पाइनची झाडं वाढली. 2002मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत नाव लागलं आणि पुढच्या वर्षी पायवाट खुली झाली. आज लोक इथे कुत्रं घेऊन फिरायला येतात, जॉगिंग करतात. प्रेक्षकांच्या काँक्रीटच्या पायऱ्या शेवाळल्या आहेत, पण जागच्या जागी आहेत. त्यांच्यावर निवांत बसता येतं.

ज्या फेरीला पेटीला मिनिटसुद्धा लागत नव्हतं, ती पायी मारायला आपल्याला वीस मिनिटं लागतात. डेडलाइनमागे सुसाट पळणाऱ्या आपल्यासारख्यांना हा हिशोब परवडणारा आहे. तर ऑनसाइटवाल्या मित्राला हा पत्ता आत्ताच पाठवून द्या. शूज जुनेच घालायला सांगा. पाऊस पडून गेला असेल तर लाल माती घरापर्यंत सोबत येते.