मामांची स्की

मुलांनो, आमच्या मोहन्यात बर्फ पाहायचा तर गोळेवाल्याची गाडी गाठावी लागते! उल्हास नदीच्या काठचं हे गाव, स्टेशन आंबिवली. थंडी म्हणजे सकाळच्या शाळेला स्वेटर घालायचा आणि मधल्या सुट्टीत काढून कमरेला बांधायचा. अशा गावातले माझे मामा स्कीइंग करतात, हे माझ्या वर्गातल्या मुलांना खरंच वाटत नव्हतं.

पंचविशीत, 1988 साली, मामा मनालीला जाऊन स्कीइंग शिकले. मग नोकरी, संसार. 2024 च्या फेब्रुवारीत, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी म्हणाले, "चला गुलमर्गला!" मी, माझी चौथीतली मुलगी आणि मामा असे तिघं निघालो. मामींनी बजावलं, "गुडघा सांभाळा. नाहीतर मलाच शेकत बसावं लागेल."

श्रीनगरहून टंगमर्ग आणि तिथून नागमोडी घाटाने वर गुलमर्ग. उंची सुमारे 2,650 मीटर. त्या वर्षी जानेवारी कोरडाच गेला होता, पण आम्ही पोचलो तेव्हा झाडांच्या फांद्या बर्फाने वाकल्या होत्या. मुलगी तर बोलायचीच थांबली. (हे फार क्वचित घडतं बरं का!)

स्की भाड्याने घ्यायला दुकानात गेलो आणि तिथे गंमत झाली. मामांनी हात सरळ वर केला आणि मनगटापर्यंत पोचेल अशी स्की मागितली. पूर्वी माप असंच घ्यायचे. दुकानदार हसला. त्याने हनुवटीच्या जरा वर येणारी, दीडेक मीटरची स्की पुढे ठेवली.

मामा फुगले. "ही काय लहान मुलांची?"

खरं तर मधल्या काळात स्कीचा आकारच बदलला होता. जुनी स्की जवळजवळ सरळ फळी असायची. 1990 नंतरच्या दशकात दोन्ही टोकांना रुंद आणि कमरेत बारीक अशी स्की आली. पुठ्ठ्याची एक पट्टी घ्या. दोन्ही कडा मध्यभागी किंचित आत कापा. पट्टी टेबलावर तिरकी धरून मधोमध दाबा. कड कमानीसारखी वाकून टेकते ना? स्कीही अशीच कमानीत वळते, पायाला फार जोर लावावा लागत नाही. म्हणून ती आखूड असली तरी चालते, आणि गुडघ्यालाही कमी त्रास.

मग रुंदीचा प्रश्न. पावसाळ्यात चिखलावर आपण रुंद फळी टाकतो, ती रुतत नाही. तसंच भुसभुशीत खोल बर्फावर रुंद स्की तरंगते. पण घट्ट दाबलेल्या बर्फावर ती एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घ्यायला जड जाते. डोंगरावर दोन्ही प्रकारचा बर्फ भेटतो, म्हणून मधली निवडायची. मामांना फार वर जायचं नव्हतं. कमरेला आठेक सेंटिमीटरची, वजनाला हलकी आणि सहज वाकणारी स्की त्यांना मिळाली. बूट मात्र चार जोड घालून पाहिले. माझ्या मते तेच बरोबर. बूट सैल असेल तर पाय एकीकडे आणि स्की भलतीकडे!

शेवटी बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. जोरात पडलं की ती सुटायला हवी. किती घट्ट ठेवायची, ते वजन, उंची, बुटाच्या तळव्याची लांबी, सराव आणि वय यांवरून ठरतं. दुकानदाराने तक्ता दाखवला. दहा वर्षांच्या आतली मुलं आणि पन्नाशी गाठलेली माणसं, दोघांसाठीही पकड एक पायरी सैल!

"म्हणजे मी आणि मामाआजोबा सारखेच?" मुलगी ओरडली. मामांचं तोंड बघण्यासारखं झालं. "जरा घट्ट करा हो," ते हळूच म्हणाले. दुकानदाराने मान हलवली. नाही म्हणजे नाही.

दुसऱ्या दिवशी मामा छान घसरत खाली येत होते. अचानक एक स्की बर्फात अडकली आणि ते धाडकन आडवे झाले. माझ्या पोटात गोळा आला. पकड सुटली की पाय मोडायचा धोका खूप कमी होतो, पण गुडघ्याची हमी कुणीच देत नाही. मी धापा टाकत पोचले. स्की बाजूला पडली होती. मामांनी बसल्या बसल्या गुडघा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला.

"सुटली वाटतं वेळेवर," ते म्हणाले.

"माझी पण काल सुटली होती!" मुलगी म्हणाली आणि त्यांची स्की उचलून आणायला पळाली.