कुठे उतरणार?

गेल्या महिन्यात माझी भाची अंधेरीच्या एका ऑफिसात मुलाखतीला गेली होती. मराठी माध्यमातून शिकलेली, बी.कॉम. झालेली, हिशेबाला पक्की पोरगी. कामाचे प्रश्न नीट पार पडले. मग समोरच्यांपैकी एकाने इंग्रजीत विचारलं, "रोज एवढ्या लांबून कशी येणार?" ती म्हणाली की नालासोपाऱ्याला गाडी पकडीन आणि अंधेरीला 'गेट डाउन' करीन.

समोरचे दोघे एकमेकांकडे पाहून हसले. "गेट डाउन? अंधेरी स्टेशनवर नाचणार का? गेट ऑफ म्हणतात त्याला." एवढंच. पण पोरगी घरी आली ती चेहरा उतरवूनच. रात्री जेवताना म्हणाली, "मामू, जिथे इंग्रजी बोलावं लागतं तिथे मी आता अर्जच करणार नाही." पुढच्या आठवड्यात तिची दुसरी मुलाखत ठरलेली होती. तिथेही जाणार नाही म्हणाली.

तिची समजूत कशी घालावी हे मला कळेना. 'काही होत नाही गं' म्हणणं सोपं असतं. पण हा अपमान मला ओळखीचा आहे. आमचं घर पिढ्यान् पिढ्या सोपाऱ्यात. घरात मराठी, शाळेत मराठी. तरी माझं नाव ऐकलं की कुणी ना कुणी म्हणतंच, "अरे वा, तुमचं मराठी छान आहे हो!" बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण आपण बोलायला तोंड उघडलं की समोरचा परीक्षक होतो, हे मी लहानपणापासून पाहत आलोय. भाची त्या दिवशी तेच पाहून आली होती.

दुसऱ्या दिवशी मी शब्दकोश घेऊन तिच्याशेजारी बसलो. 'गेट डाउन' हे क्रियापद उघडलं आणि गंमत वाटायला लागली. घोड्यावरून किंवा शिडीवरून उतरणं म्हणजे गेट डाउन. एखादी गोष्ट मन खचवते, तेव्हाही गेट डाउन. ऐकलेलं कागदावर लिहून घेणं, औषध कसंबसं गिळणं, गंभीरपणे कामाला लागणं, गोळीबार झाला तर खाली वाकणं, सगळीकडे गेट डाउन. अमेरिकेत बेभान नाचणं म्हणजेही तेच. इंग्लंडात जेवण संपलं की लहान मूल टेबलावरून उठायची परवानगी मागतं, तीही 'गेट डाउन' करू का अशीच. ट्रेन किंवा बसमधून उतरण्यासाठी मात्र तिथे सहसा गेट ऑफ म्हणतात. आपल्याकडे गेट डाउन रूढ झालं.

मी तिला म्हटलं, "आता आपलं 'उतरणे' घे." मग आम्ही दोघं मोजत बसलो. माणूस गाडीतून उतरतो, ताप उतरतो, भाव उतरतो, नशा उतरते. रंग उतरतो. उन्हाळ्यात सकाळची आमटी संध्याकाळपर्यंत उतरते, म्हणजे खराब होते. चित्र छान उतरतं. पाहुणे लॉजवर उतरतात, उमेदवार रिंगणात उतरतो. एखादा माणूस मनातून उतरतो, तो पुन्हा चढत नाही. घास घशाखाली उतरतो, विचार कागदावर उतरतो. ती मधेच थांबली. "मामू, घास आणि कागद तर इंग्रजीतही आहेत की!" खरंच होतं. एकमेकींना न विचारता दोन भाषांनी तेच केलेलं. मग मुंबईतल्या कुणीतरी गाडीतून उतरणं त्या 'गेट डाउन'मध्ये बसवलं, तर त्यात अडाणीपणा कसला?

शिवाय आपल्याकडे गाडी आणि उतरणं यांचं नातं जुनं आहे. 1867 साली विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकल सुटली. तेव्हापासून या भागातली माणसं रोज चढतायत आणि उतरतायत. मराठीत प्रवाशाला 'उतारू' म्हणतात. चढण्यावरून त्याला नाव मिळालं नाही, ते उतरण्यावरून मिळालं. विरार लोकलमध्ये गर्दीच्या वेळी चढलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मधल्या स्टेशनला उतरायचं म्हटलं तर आधीच्या दोन स्टेशनांपासून दाराकडे सरकावं लागतं. लेडीज डब्यात तर संवादाची सुरुवातच "कुठे उतरणार?" अशी होते. बसलेलीने अंधेरी सांगितलं की विचारणारीची अंधेरीनंतरची जागा पक्की. नाव, जात, धर्म, माध्यम, काहीच कुणी विचारत नाही. भाचीने मुलाखतीत जे उत्तर दिलं, ते ती त्या डब्यात रोज देत आलीय. तिने फक्त त्याचं इंग्रजी केलं.

अब्बा पलंगावर पडून हे सगळं ऐकत होते. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. लहानपणी मौलवीसाहेबांकडे शिकलेलं अरबी व्याकरण त्यांना अजून पाठ आहे. म्हणाले, "माझ्या डोळ्यातही उतरलंयच की. युनानी हकीम मोतीबिंदूला नुझूल-उल-मा म्हणतात. म्हणजे पाणी उतरणं."

मग ते सुरूच झाले. अरबीत 'नझल' म्हणजे उतरला. कुरआन नाझिल झालं, म्हणजे उतरलं. सर्दी नाकात-घशात उतरते, म्हणून घरात तिला नजला म्हणतात. विदर्भात सरकारी जमिनीला नजूल म्हणतात, तो शब्दही याच मुळातला. उंटावरून उतरून मुक्काम करायची जागा, ती मंझिल. भाचीने विचारलं, "मंझिल म्हणजे ध्येय ना, नाना?" अब्बा म्हणाले, "ते नंतर. आधी उतरायची जागा."

मंझिल पुढे मराठीत आली. घराचा 'मजला' तिच्यातूनच आला. प्रवासातली 'मजल' तीच. मजल दरमजल करणं म्हणजे एकेका मुक्कामाला उतरत पुढे जाणं. बखरींपासून आजच्या वर्तमानपत्रांपर्यंत हा शब्द सगळे वापरतात. त्याचा परवाना कुणी मागत नाही आणि त्याचं अरबी चुकलं म्हणून कुणी हसतही नाही.

आपल्या 'उतरणे'चं मूळ संस्कृतात आहे आणि तिथे त्याचा अर्थ पाण्यातून पार होऊन काठाला लागणं असा होतो. 'उत्तीर्ण' हा शब्द त्याच धातूचा. हे मला त्या दिवशी शब्दकोशात सापडलं आणि सोपाऱ्याची आठवण झाली. हे आमचं गाव एके काळी मोठं बंदर होतं. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे इथे सापडलेत, आणि दहाव्या शतकातल्या अरबांच्या लिखाणात ते 'सुबारा' म्हणून येतं. इथे माल उतरायचा, माणसं उतरायची, आणि त्यांच्याबरोबर शब्दही उतरत असणार. कुणाचं व्याकरण कुणी किनाऱ्यावर तपासलं असेल, असं मला वाटत नाही.

तरीही मी भाचीला खोटं सांगितलं नाही. म्हटलं, "ऑफिसात गेट ऑफ म्हण. त्यांची रीत शिकून घे, त्यात कमीपणा नाही. पण गेट डाउन म्हणालीस तेव्हा तू अडाणी नव्हतीस, मराठी होतीस. या दोन गोष्टी वेगळ्या ठेव." ती काही बोलली नाही. तिचे कपडे मात्र रात्री इस्त्री झालेले दिसले.

दुसऱ्या मुलाखतीला ती गेली. संध्याकाळी मी विचारलं, "काय म्हणालीस मग?" म्हणाली, "गेट ऑफ. आणि घाबरले नाही." निकाल अजून आलेला नाही. अब्बांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. दवाखाना अंधेरीलाच आहे, म्हणून ती त्यांना घेऊन जाणार आहे. कुठल्या डब्यात चढायचं आणि कधीपासून दाराकडे सरकायचं, हे तिने त्यांना आत्ताच दोनदा समजावून सांगितलंय.