निळी ज्योत रुसते तेव्हा

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या दारात गोबरगॅस आहे. काहींचा रोज चालतो. काहींच्या गोबरगॅसच्या खड्ड्यात आज कडबा भरला आहे, कुठे कोंबड्यांचे खुराडे झाले आहे. का बंद पडला म्हणून विचारले की उत्तर ठरलेले असते. "गॅस व्हायचा हो साहेब, पण पेटायचाच नाही." तीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी इतक्या ओट्यांवर बसून ऐकले आहे की आज त्याच एका वाक्यावर तुमच्याशी बोलावे म्हणतो.

मागच्या थंडीतली गोष्ट. निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागाईतदाराकडून निरोप आला. दीनबंधू पद्धतीचा, २ घनमीटरचा गोबरगॅस. दावणीला पाच जनावरे, रोजचे पन्नास किलो शेण, पाच-सहा माणसांचे घर. पण आठ दिवस झाले, शेगडी धड पेटत नव्हती. निफाडची थंडी तुम्हांला ठाऊकच आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा उतरला की बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. थंडीने शेण कुजणे मंदावते आणि गॅस कमी होतो, हे मी पुस्तकात शिकलेलो. तेव्हा घरी पाय ठेवण्याआधीच माझे निदान तयार होते.

घरधनी म्हणाला, "साहेब, आता हे बुजवून टाकतो. सिलेंडर आहेच." मी थेट मागच्या दारी गेलो. कुंडीतला शेणकाला ढवळून पाहिला, शेण-पाण्याचे प्रमाण विचारले. समभाग शेण, समभाग पाणी, सगळे बरोबर होते. बाहेरच्या कुंडीतला काला चांगला वर चढलेला होता. दीनबंधूत घुमटात गॅस साठला की तो काल्याला ढकलतो आणि बाहेरच्या कुंडीतली पातळी वर येते. म्हणजे गॅस भरपूर होता. माझे निदान तिथेच चुकले. मग घुमटावरचा कॉक पाहिला, तो उघडा. साबणाचे पाणी लावून जोड पाहिले, बुडबुडा नाही. दीड तास गेला आणि मी घाम पुसत उभा राहिलो, तेही थंडीत.

घरातली सून दाराआडून हे सगळे पाहत होती. शेवटी तिने सासूला हळूच काही सांगितले. सासू म्हणाली, "साहेब, ही म्हणती, पेटवताना नळीत गुडगुड वाजतं. ज्योत उड्या मारती आन् मग इझती."

एवढ्यात सगळे आले! गुडगुड म्हणजे नळीत पाणी. खड्ड्यातून येणारा गॅस दमट असतो. बाहेर थंडी पडली की त्यातली वाफ नळीत निवते आणि थेंब थेंब पाणी साचते. म्हणून नळीला सारखा उतार द्यायचा असतो आणि सर्वांत खोल जागी पाणी काढायची तोटी बसवायची असते. या घरी ती तोटी होती. पण दिवाळीत गोठ्याची मेढ बदलताना नळी एका जागी खाली लोंबली होती. पाणी तोटीपर्यंत न येता त्या झोळात बसले आणि गॅसची वाट अडली. आम्ही घुमटावरचा कॉक बंद केला, नळी सोडून तो झोळ रिकामा केला. जवळजवळ अर्धा तांब्या पाणी निघाले. नळी पुन्हा उतारावर बांधली. सूनबाईने काडी ओढली आणि शेगडीवर निळी ज्योत उभी राहिली.

मी तिला विचारले, "पोरी, आठ दिवस हे कुणाला सांगितले नाहीस?" ती खाली बघत म्हणाली, "कुणी इचारलंच न्हाई."

वाचकहो, खरे सांगतो, त्या उत्तराने मी ओशाळलो. मालकाला विचारले, कुंडीला विचारले, घुमटाला विचारले. रोज दोन वेळा जी शेगडी पेटवते तिला तेवढे विचारायचे राहिले. आणि ही चूक माझ्याकडून पहिल्यांदाच झाली नव्हती.

नोकरीच्या सुरुवातीची, १९९६ सालची गोष्ट. राहुरीच्या विद्यापीठाची पदवी नवी होती, उत्साहही नवा होता. सिन्नरच्या दुष्काळी भागातल्या एका शेतकऱ्याला मीच गळ घालून गोबरगॅस बांधायला लावला. त्याच्या बायकोचे डोळे चुलीच्या धुराने कायम लाल असत. खोकलाही होता. तिला म्हणालो होतो, "मावशी, महिन्याभरात तुमच्या घरातला धूर गेलाच म्हणून समजा." खड्डा भरला, पंधरा-वीस दिवसांनी गॅस जमला. शेगडीजवळ काडी नेली तर काडीच विझली. पुन्हा ओढली, पुन्हा विझली. जमलेले लोक हसले. मी म्हणालो, "बघतो, पुन्हा येतो." पण दुसऱ्या गावचे काम निघाले, मग पंचायत समितीच्या बैठका लागल्या. मी पुन्हा गेलो तो पाच महिन्यांनी. तोवर नळी काढून ठेवली होती आणि मावशी चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ करत होत्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तुमी येतो म्हनले व्हते."

त्या गोबरगॅसात काडीचाही बिघाड नव्हता. नव्या खड्ड्यातला पहिला गॅस असाच असतो. गोबरगॅसात साधारण साठ टक्के मिथेन असतो, तोच जळतो. उरलेला बहुतेक भाग कार्बन डाय-ऑक्साइडचा, तो जळत तर नाहीच, उलट विझवतो. आरंभी मिथेन तयार करणारे जीवाणू पुरेसे वाढलेले नसतात, म्हणून कार्बन डाय-ऑक्साइड जास्त. शिवाय घुमटात आधीची हवा कोंडलेली असते. हवा आणि मिथेन यांचे मिश्रण कधीकधी भडकूही शकते. म्हणून पहिला गॅस पेटवून पाहायचाच नसतो. दोन-तीनदा तो मोकळ्या हवेत पूर्ण सोडून द्यायचा आणि पुढचा वापरायचा. चालू गोबरगॅसातल्या दोन-चार बादल्या शेणकाला विरजणासारखा घातला तर काम लवकर होते. हे एक वाक्य मी त्या दिवशी सांगितले असते तर त्या माउलीची चूल सुटली असती. ते मला शिकवलेले होते, पण चारचौघांच्या हसण्याने मी गडबडलो आणि पुढे कामाच्या नावाखाली विसरलो.

म्हणून आज तुम्हांला क्रम सांगतो. शेगडी पेटली नाही की खड्डा उकरायला धावू नका. शोध शेगडीपासून सुरू करा आणि मागे मागे जा.

आधी ज्योतीला विचारा. ज्योत पिवळी, लांब आणि भांड्याला काजळी धरणारी असेल तर हवा कमी पडते. बर्नरच्या मागची हवेची चकती थोडी उघडा. ज्योत बर्नर सोडून वर उचलली जात असेल, फडफडून विझत असेल तर हवा जास्त झाली, चकती थोडी मिटा. ज्योत बारीक असेल तर जेटचे छिद्र आणि बर्नरची भोके उतू गेलेल्या दुधाने, डाळीने बुजली आहेत का पाहा. बर्नर साफ करताना जेटचे छिद्र मात्र तारेने मोठे करू नका. आणि दिवसा उजेडात ही निळी ज्योत नीट दिसत नाही. विझली समजून हात घालू नका.

नळीत गुडगुड असेल, ज्योत उड्या मारत असेल तर पाणी. थंडीत आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तोटी उघडून पाणी काढायची सवय ठेवा. वार ठरवून घ्या, म्हणजे विसरणार नाही.

शेगडी सिलेंडरची तर नाही ना, हेही पाहा. २०१६ पासून उज्ज्वला योजनेचे सिलेंडर खेडोपाडी आले आणि पुष्कळांनी तीच शेगडी गोबरगॅसला जोडली. ती नीट चालत नाही. सिलेंडरचा गॅस प्रोपेन आणि ब्युटेनचा, उष्णतेने जड. त्याचा दाब सुमारे ३० सेंटिमीटर पाणी उचलण्याइतका असतो, म्हणून त्याच्या जेटचे छिद्र सुईच्या टोकाएवढे. लोखंडी तरंगत्या टाकीच्या गोबरगॅसचा दाब त्या मापाने ७ ते ९ सेंटिमीटरच. त्याला छिद्र मोठे लागते. गोबरगॅसला गोबरगॅसचीच शेगडी हवी.

एवढे पाहूनही पेटले नाही तर मग खड्ड्याकडे वळा. टाकी वर उचललेली आहे का, किंवा बाहेरच्या कुंडीत काला चढला आहे का? नसेल तर आठ-पंधरा दिवसांत गोठ्यात काय घडले ते आठवा. चांदवडकडच्या एका घरी गोठा फिनेलने धुऊन ते पाणी सरळ कुंडीत सोडले होते. फिनेलने जंतू मरतात, तसे गॅस करणारे आपले जीवाणूही मरतात. साबणाचे पाणी, फवारणीच्या टाकीचे धुणे, औषध चालू असलेल्या जनावराचे शेण, यांतले काहीही आत जाऊ देऊ नका. गेले असेल तर काही दिवस भरणे थांबवा, मग थोडे थोडे ताजे शेण आणि चालू गोबरगॅसातला काला घाला. पाळलेले जनावर आजारी पडले तर आपण त्याला दम देतो ना? तसाच दम इथेही द्यावा लागतो.

एक गोष्ट मात्र काळजावर कोरून ठेवा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर काडी ओढून गळती शोधू नका. विजेचे बटणही दाबू नका. दारे-खिडक्या उघडा, कॉक बंद करा आणि साबणाच्या फेसाने गळती शोधा. रिकामा खड्डा साफ करायला कुणी एकट्याने उतरू नये. आत उरलेला गॅस माणसाला ओरडायलाही उसंत देत नाही.

वाचकहो, हा धंदा काही नवा नाही. १८९७ साली मुंबईला माटुंग्याच्या कुष्ठधामात मैल्यापासून गॅस करून वापरला होता. १९८१-८२ पासून देशभर गोबरगॅसची राष्ट्रीय योजना चालली, १९८४ साली दीनबंधू आला, पुढे गावोगाव खड्डे झाले. बांधायला अनुदान मिळाले. पण बांधल्यानंतर पुन्हा घरी जाऊन "मावशी, ज्योत कशी आहे?" असे विचारणारा माणूस अनुदानात बसत नाही. तो आम्ही व्हायला हवे होते. जिथे झालो नाही तिथे आज कडबा आहे.

आमच्याकडून राहिले ते घराघरांतून होऊ द्या. गॅस पेटत नसेल तर घरधन्याने आधी शेगडीपुढच्या बाईला विचारावे. आणि बायांनो, तुम्हीही कुणी विचारायची वाट पाहू नका. नळी वाजली, ज्योतीचा रंग बदलला, वास आला, की त्याच दिवशी सांगा.

निफाडच्या त्या घरी परवा पुन्हा गेलो होतो. सूनबाई घरात नव्हती. सासू म्हणाली, "शेजारच्या गल्लीत गेली हाय. त्यांचा ग्यास पेटंना, तर नळी बघाया बोलावलं तिला."

मी चहा घेतला आणि तिची वाट न पाहता निघालो. तिथे आता माझे काही काम उरले नव्हते.