आजोबा गावाला गेलेत

कित्येक महिने माझी शनिवारची सकाळ एका क्लिनिकच्या बाहेरच्या बाकावर गेली. आत सहा वर्षांचा भाचा खेळतोय आणि बाहेर मामा पंचेचाळीस मिनिटं मोजतोय. ताईला शनिवारी हाफ डे असतो, भावोजी महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर, त्यामुळे ने-आण माझ्याकडे. 'प्ले थेरपी' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी जे म्हणालो तेच बहुतेक तुम्हीही म्हणाल. खेळायचे पैसे? सोसायटीतली घसरगुंडी फुकट आहे की!

तर झालं असं. २०२४च्या जूनमध्ये आमचे बाबा गेले. नातवाला शाळेच्या बसवरून आणणं हे त्यांचं रिटायरमेंटनंतरचं फुलटाईम काम होतं. हॉस्पिटलच्या धावपळीत त्याला आत्याकडे पाठवलं आणि तो परत आला तेव्हा सगळं उरकलेलं. आई म्हणाली, "आजोबा देवाघरी गेले." पठ्ठ्या दोन दिवस देवघराचे ड्रॉवर उघडून बघत होता. ते मला बघवेना. मी म्हटलं, "अरे, आजोबा गावाला गेलेत. येतील." विषय क्लोज.

क्लोज कसला! महिन्याभरात तो रात्री अंथरूण ओलं करायला लागला. बसमध्ये चढायच्या वेळी रडारड. वर्गात एका मुलाला चावला. बालरोगतज्ज्ञांनी आधी लघवीची तपासणी वगैरे करून शारीरिक काही नाही याची खात्री केली आणि मग या मॅडमचं नाव दिलं.

पहिल्या भेटीला त्यांनी मुलाला आणूच नका म्हणून सांगितलं. फक्त मोठी माणसं. जन्मापासूनची माहिती, घरात कोण कोण, काय बदललं, कधीपासून. आमच्याकडचे बिझनेस अ‍ॅनालिस्ट एवढे प्रश्न विचारते तर निम्मे बग आलेच नसते. मग खोली दाखवली. वाळूचा मोठा ट्रे, बाहुलीघर, डॉक्टरचा सेट, माती, खडू, प्राण्यांचा ढीग, आणि गुद्दे मारायला हवा भरलेला एक ढब्बू बाहुला. टीव्ही, टॅब काही नाही. नियम मोजके. स्वतःला मारायचं नाही, दुसऱ्याला मारायचं नाही, मुद्दाम तोडायचं नाही. बाकी काय खेळायचं ते मुलगा ठरवणार.

हे 'मुलगा ठरवणार' प्रकरण मला झेपेना. वाचल्यावर कळलं की याची मांडणी जुनी आहे. व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाईन या अमेरिकन बाईंनी १९४७मध्ये यावर पुस्तक लिहिलं. मोठा माणूस जे बोलून मोकळं करतो ते लहान मूल खेळून करतं, त्याच्याकडे तेवढे शब्दच नसतात. थेरपिस्टने घाई करायची नाही, मुलाला ओढायचं नाही, त्याच्या मागून चालायचं.

तिसऱ्या शनिवारी मी न राहवून विचारलंच. "काय स्टेटस? काही बोलला का?" मॅडम हसल्या. म्हणाल्या, तो आत काय म्हणाला, काय केलं, ते त्याचं. त्याच्या जिवाला धोका वाटेल असं काही दिसलं तर लगेच सांगेन. एरवी दर चार सेशननंतर आपण बसू आणि मला साधारण काय दिसतंय ते बोलू. गाडीत त्याला 'आज काय केलंस?' विचारायचं नाही, ही वर तंबी. लॉग नाही, डेमो नाही, डेडलाईन नाही. माझी अवस्था तुम्ही समजू शकता.

चौथ्या-पाचव्या सेशननंतर तर घरी जास्तच बिघडलं. आदळआपट, भावोजींची बॅग लपवून ठेवणं. ताई म्हणाली, बंद करूया. मॅडमनी असं होऊ शकतं हे आधीच सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि रात्री तीन वाजता चादर बदलणं वेगळं.

मग ती चार सेशननंतरची बैठक. त्यांनी शांतपणे विचारलं, "आजोबांबद्दल याला नेमकं काय सांगितलंय?"

कोणीच बोलेना. शेवटी मी सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत हे जास्त लागलं. म्हणाल्या, या वयाची मुलं शब्द जसाच्या तसा घेतात. गावाला बाबाही जातो, आईही जाते. मग बॅग भरणारं प्रत्येक माणसाबद्दल भीती. 'झोपलेत' म्हटलं की झोपेची भीती. साधं सांगा. शरीर बंद पडलं, ते मेले, परत येणार नाहीत, यात तुझी काही चूक नाही. परत परत विचारेल, परत परत तेच सांगा.

सहा महिने कोडमध्ये बग शोधतोय आणि तो आपल्याच हातचा निघतो, ते परवडलं.

सांगायचं काम माझं होतं. झोपाळ्यावर बसवून सांगितलं. तो रडला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "मग त्यांच्या चपला का ठेवल्यात?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. रडलो मी.

त्यानंतर जादू झाली असं नाही. अंथरूण हळूहळू कोरडं राहायला लागलं, मधे दोनदा घसरलं. बस अजूनही सोमवारी नको असते. २००५ साली अमेरिकेत ९३ अभ्यास एकत्र तपासले होते, त्यात आई-वडील स्वतः उपचारात उतरले तिथे फायदा जास्त दिसला. बर्नार्ड आणि लुईस गर्नी या जोडप्याने तर १९६०च्या दशकातच पालकांना हे खेळणं शिकवायला सुरुवात केली होती. आपण मात्र मुलाला सर्व्हिसिंगला सोडून संध्याकाळी गाडी न्यायला जावं तसे गेलो होतो. (आपण म्हणजे मी. ताई बिचारी पहिल्यापासून सगळे प्रश्न लिहून नेत होती.)

आता आठवड्यातून एकदा अर्धा तास घरी आमचा खेळ असतो. फोन बंद. शिकवायचं नाही, सुधारायचं नाही, 'वाघ असा असतो का?' म्हणायचं नाही. तो सांगेल ते करायचं.

आज पाच वाजता मला मेलेला डायनासोर व्हायचंय. मधेच उठून चहा प्यायला परवानगी नाही, आधीच विचारून झालंय.