अलम्

अलंकार शिकवताना मी दरवर्षी आधी त्या शब्दाचीच फोड करते. ‘अलम्’ म्हणजे पुरेसे, समर्थ; तेव्हा अलंकार म्हणजे एखाद्या गोष्टीला पुरेपण देणारे, तिला समर्थ करणारे. वरून चढवलेली शोभा हा अर्थ आपल्या अंगवळणी पडला असला तरी मूळ धातूकडे बोट दाखवणारे अभ्यासक आहेत, आणि मला त्यांचेच पटते. मुले हे वहीत उतरवून घेतात आणि उत्तरपत्रिकेत उपमा-उत्प्रेक्षांच्या व्याख्या लिहून मोकळी होतात. या व्युत्पत्तीचा कस लागलेला मी पाहिला तो वर्गाबाहेर, एका पिकअप ट्रकच्या चाकांच्या खरेदीत.

माझे माहेर राजापूर तालुक्यातले. तीन वर्षांपूर्वी भाच्याने पुण्यातली नोकरी सोडली आणि तो आमच्या कलमांच्या बागेत परतला. दादाला ते रुचले नाही. त्याच्या पिढीने मुलांना कोकणाबाहेर काढण्यासाठीच जन्म वेचला होता. गेल्या वर्षी भाच्याने वापरलेली टोयोटा हायलक्स घेतली. बाग सड्यावर आहे; तिथवर जायचे तर तीनेक किलोमीटर उघडा कातळ, मधूनमधून जांभ्याच्या फुटक्या, धारदार कडा. हंगामात तोडणीचा आंबा संध्याकाळपर्यंत खाली उतरला नाही तर वाशीला जाणारी रात्रीची गाडी चुकते आणि फळ एक दिवसाने म्हातारे होते.

भाच्याला या गाडीला वीस इंची, काळी, चकाकणारी चाके बसवायची होती. दादाचे म्हणणे, कंपनीने दिलेली चाके असताना शोभेवर पैसे घालायचे नाहीत. आणि बदलायचीच तर लोखंडी घ्या. दोघांनीही मला फोन केला. वाद चाकांपुरता नव्हता, हे सांगायला मराठीची एम.ए. लागत नाही. बागेत यापुढे कोणाचा शब्द चालायचा, हा तो प्रश्न होता. म्हणूनच मी ठरवले की बोलायचे ते चाकांविषयीच, आणि त्यासाठी ती आधी समजून घ्यायची.

टायरच्या अंगावर जे आकडे असतात, ते वाचणे वृत्ताच्या मात्रा मोजण्याहून अवघड नाही. या गाडीवर होते २६५/६० आर १८. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्केवारीत: २६५ चे ६० टक्के म्हणजे १५९ मिलिमीटर. तिसरा चाकाचा व्यास, इंचांत. तीन आकडे आणि तीन वेगळी मापे. पण या ओळीत सगळा वाद सामावलेला होता. वीस इंची चाक घेऊन टायरचा बाहेरचा व्यास तोच ठेवायचा, तर टायर लागतो २६५/५०; भिंत उरते जेमतेम १३२. उलट सतरा इंची चाकावर २६५/६५ चा टायर घेतला तर भिंत १७२ ची होते आणि बाहेरचा व्यास मूळच्या ७७५ मिलिमीटरवरून फक्त एका मिलिमीटरने वाढतो. वेगदर्शकाला फरक कळतही नाही. जांभ्याला मात्र कळतो. कातळावर गाडी चालवणारे टायरमधली हवा थोडी कमी करतात, म्हणजे रबर खडबडीत पृष्ठावर पसरून पकड धरते. भिंत बुटकी असेल तर दगडाचा मार रबर झेलत नाही. टायर दगड आणि रिम यांच्यात चेपतो आणि घाव थेट धातूवर बसतो.

हे मी दादाला सांगितले तेव्हा तो एवढेच म्हणाला, “म्हणजे धाव जाड हवी.” आजोबांच्या बैलगाडीच्या चाकाला तुंबा होता, आरे होते आणि भोवती तापवून चढवलेली लोखंडी धाव होती. भाच्याने हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. त्याने तो दोनदा म्हणून पाहिला आणि वीस इंचांचा विषय पुन्हा काढला नाही.

पुढचे मोजमाप त्यानेच मला शिकवले. चाक सहा बोल्टांवर बसते आणि त्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १३९.७ मिलिमीटर. हा विचित्र दशांश कुठून आला? साडेपाच इंचांतून. मधले भोक १०६ मिलिमीटरचे. बाजारातल्या चाकाचे भोक मोठे असेल तर मध्ये कडे घालतात, म्हणजे चाक हबवर नेमके मध्यावर बसते. मग येतो ऑफसेट: चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती अंतरावर आहे ते. चाकावर तो ‘ईटी’ या अक्षरांनी कोरतात. ती ‘आइनप्रेसटीफे’ या जर्मन शब्दाची. मूळ चाकाचा ऑफसेट तीसच्या आसपास. शून्य ऑफसेटचे चाक घेतले तर तेवढ्याच रुंदीचे चाक तीस मिलिमीटर बाहेर येते. गाडी छाती काढून उभी राहिल्यासारखी दिसते खरी. पण बेअरिंगवरचा भार वाढतो, सुकाणू खड्ड्यागणिक हाताला हिसके देते आणि चिखल दारावर उडतो.

दादाच्या लोखंडी चाकालाही त्याची बाजू होती. पोलाद वाकते, आणि वाकलेले ठोकून निदान घरापर्यंत येता येते; ओतीव अ‍ॅल्युमिनियमला जबर मार बसला तर ते तडकते. पण ते हलके असते, आणि स्प्रिंगच्या खालचे वजन जितके कमी तितके चाक जमिनीचा चढउतार चटकन पाळते. शिवाय जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल वाहनात करता येणार नाहीत, असा निर्णय दिला आहे. तेव्हा मापाबाहेर जाण्याचा मोह कायद्यानेही परवडणारा नव्हता. विमा कंपनीला आधी कळवायचे, हेही ठरले.

कोल्हापूरच्या दुकानात आम्ही तिघेही गेलो. दादाने चाक उलटे करायला लावले, चष्मा पुसला आणि मागच्या बाजूला कोरलेली भारक्षमता वाचली. मागच्या आसावर पडणाऱ्या कमाल भाराच्या निम्म्याहून ती कमी असता कामा नये, हे त्याने पाठ केले होते. सतरा इंची, मूळच्याच ऑफसेटची अलॉय चाके ठरली; स्टेपनी मात्र लोखंडी, दादाच्या शब्दाखातर. जुने नट दुकानदाराने बाजूला काढले. त्यांची बैठक सपाट होती, नव्या चाकांना निमुळत्या बैठकीचे नट हवे होते.

रंग राहिला होता. दुकानदाराने काळा, चंदेरी आणि तांबूस असे तीन पुढे केले. भाच्याने तांबूस उचलला. दादाने विचारले, “हा कशासाठी?” जांभ्याची धूळ बसली तरी दिसत नाही, हे तयार उत्तर होते आणि ते खरेही होते. भाचा म्हणाला, “मला आवडतो, बाबा.” दादाने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलले नाही. त्याने खिशातून पाकीट काढले आणि अर्धी रक्कम आपल्याकडून दिली. परतण्याची इतकी साधी किंमत मुलाने तीन वर्षे मागितली नव्हती आणि बापाने देऊ केली नव्हती.

नवे चाक बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून आवळावे लागतात, तेही समोरासमोरचे, एकाआड एक. हे काम दादाने आपणहून स्वतःकडे घेतले आहे. आता दर तोडणीच्या आदल्या संध्याकाळी तो पाना घेऊन गाडीपाशी बसतो, आणि भाचा बॅटरी धरून उभा राहतो.